कुत्रा-मांजराच्या बाऊलला सारख्या मुंग्या लागतायत? काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

आमच्याकडे एक कुत्रा आणि दोन मांजरं आहेत. हा मुंग्यांचा प्रॉब्लेम मी स्वतःच्या घरात तीनदा, बहिणीकडे एकदा आणि मांजर पाळणाऱ्या दोन मैत्रिणींकडे निस्तरलाय. दर वेळी घर वेगळं, मुंग्या वेगळ्या, पण चूक जवळपास तीच, सगळे बाऊलकडे बघत होते आणि बाऊलखालची फरशी कुणी बघितलीच नव्हती, मग वैतागून औषध आणलं. औषधाचं शेवटी सांगते. तोवर एकच गोष्ट डोक्यात ठेवा: बाऊलच्या आसपास तुम्ही जे काही लावाल, टाकाल, शिंपडाल ते तुमचा प्राणी चाटणार आहे, आज नाही तर उद्या, सरळ जिभेने नाही तर पंजाला लागून. मी कुठलाही उपाय आधी या एका कसोटीवर लावते, त्यात बसला नाही तर तो कितीही चालणारा असो, सोडून देते.

आधी लक्षणं नीट बघा

सगळ्यांची तक्रार एकच असते, "खाण्याला मुंग्या लागतात". पण कधी लागतात, कशा लागतात यावर कारण ठरतं, म्हणून एक दिवस नुसतं बघा.

- खाणं ठेवलं की पंधरा-वीस मिनिटांत पूर्ण रांग हजर. म्हणजे त्यांना रस्ता आधीच माहितेय, माग फरशीवर पडलेला आहे. नवीन जागी खाणं सापडायला मुंगीला वेळ लागतो, इतक्या लवकर रांग लागत नाही.
- आधी एखाद-दुसरी सुटी मुंगी फिरते आणि दोन-तीन तासांनी रांग लागते. म्हणजे खाणं फार वेळ पडून राहतंय.
- बाऊल रिकामा आहे, धुतलेला आहे, तरी त्यावर मुंग्या. बाऊलवर तेलकट थर राहिलाय किंवा खालच्या मॅटखाली काहीतरी आहे.
- बाऊल ठीक, पण खाण्याच्या पिशवीत किंवा डब्यात मुंग्या. हा वेगळाच प्रश्न आहे, तपासणी ३ बघा.
- फक्त पाण्याच्या भांड्यात मेलेल्या मुंग्या. कोरड्या, गरम दिवसांत मुंग्या पाण्यासाठीही येतात.
- औषध मारलं, दोन-चार दिवस शांतता, मग दोन-तीन नव्या जागांहून रांगा. हे लक्षण मला सगळ्यात जास्त नकोसं वाटतं, का ते आमिषाच्या भागात सांगते.
- प्राणी बाऊलपाशी जातो, वास घेतो, झटकन मागे येतो, तोंड घासतो, पंजा चाटतो. म्हणजे मुंग्या चावतायत. हे दिसलं तर बाकी वाचत बसू नका, आधी बाऊल उचला, दुसऱ्या खोलीत वेगळ्या भांड्यात खायला द्या.

यात मांजरवाल्यांसाठी खास. मांजर रुसल्यासारखं बाऊल सोडून जातं आणि आपल्याला वाटतं भूक नसेल. मांजराने पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर ती गंभीर गोष्ट आहे, उपाशी राहिलं की मांजराच्या लिव्हरवर चरबी साठायला लागते, जाड मांजराला तर जास्तच धोका. त्यामुळे मुंग्यांचा बंदोबस्त होईपर्यंत "खाईल नंतर" असं करू नका, आणि चोवीस तास उलटले तर व्हेटला फोन करा.

आत्ता बाऊलमध्ये मुंग्या आहेत, तर

वेट फूड असेल तर टाकून द्या. ड्राय फूड थोडंसं असेल तर तेही टाका, त्यासाठी जीव जाळू नका. पूर्ण पिशवीला मुंग्या लागल्या असतील आणि खाणं कोरडं असेल, वास नेहमीसारखा असेल, तर पिशवी हवाबंद करून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चाळणीने चाळून घ्या. मी हे केलंय, दाणे खराब होत नाहीत, फक्त बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर गार दाण्यांवर दमट हवेचं पाणी धरतं. पण एक अट आहे, त्या मुंग्यांवर किंवा त्या पिशवीच्या आसपास कुठलंही कीटकनाशक मारलेलं असेल तर अख्खी पिशवी फेका. मुंगी पायाला ते औषध घेऊन खाण्यात येते.

चुकून चार-दोन साध्या काळ्या मुंग्या कुत्र्याने खाल्ल्या तर सहसा काही होत नाही. डंख मारणाऱ्या लाल मुंग्यांचं वेगळं आहे, ते शेवटी.

तपासणी १: खाणं किती वेळ खाली असतं?

हे सगळ्यात आधी, कारण याला काहीच लागत नाही. घड्याळ लावा. बाऊल ठेवल्यापासून प्राणी प्रत्यक्ष किती मिनिटं खातो आणि उरलेलं किती तास पडून राहतं ते लिहून ठेवा. बहुतेक कुत्री दहा मिनिटांत खाऊन मोकळी होतात, उरलेलं खाणं दिवसभर मुंग्यांसाठीच असतं म्हणा ना. वीस मिनिटांनी बाऊल उचलायचा, पुढच्या वेळेला परत द्यायचा. दोन-तीन दिवस कुत्रा बाऊलच्या जागी जाऊन तुमच्याकडे बघेल आणि तुम्हाला वाईट वाटेल, पण निरोगी मोठा कुत्रा याला लवकर सरावतो. लहान पिल्लं, आजारी प्राणी, डायबेटिसची औषधं चालू असलेले प्राणी यांच्या वेळा मात्र स्वतःच्या मनाने बदलू नका, व्हेटला विचारा.

मांजरांचं असं होत नाही, ती दिवसभर थोडं थोडं खातात आणि ते त्यांच्या स्वभावातच आहे. तिथे एका वेळी कमी दाणे ठेवा आणि थेट तपासणी ४ मधला पाण्याचा खंदक करा. वेट फूड तसंही एक-दोन तासांच्या वर बाहेर ठेवायचं नसतं, मुंग्या असोत नसोत.

बहिणीकडे एवढ्या एका गोष्टीने निम्मा प्रॉब्लेम संपला होता. उरलेला निम्मा खाली.

तपासणी २: बाऊल उचला आणि फरशी बघा

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

ड्राय फूडचे दाणे बनवल्यावर त्यावर बाहेरून चरबी आणि चव लावलेली असते, म्हणून हातात घेतले की बोटं तेलकट होतात. प्राणी खाताना दाणे बाहेर सांडतात, फुटतात, लाळेने ओले होऊन फरशीला चिकटतात, कुत्रा तर तोंडात घेऊन दोन पावलं लांब जाऊन चावतो. तो चुरा आपल्या डोळ्यांना दिसत नाही पण मुंगीसाठी ते जेवण आहे. आणि त्यातही खरी गोम अशी की पूर्ण वाढलेली मुंगी घट्ट खाणं गिळूच शकत नाही, ती फक्त पातळ पिते. घट्ट कण ती वारुळात नेते ते अळ्यांसाठी, अळ्या ते पचवतात. वारुळात अळ्या वाढत असल्या की प्रोटीन आणि चरबीची मागणी वाढते, म्हणून घरात साखरेचा डबा उघडा असला तरी कधीकधी मुंग्या त्याला सोडून मांजराच्या बाऊलकडे जातात.

दुसरी गोष्ट माग. खाणं सापडलेली मुंगी परत जाताना पोट फरशीला टेकवत वासाची रेघ ओढत जाते, मागून येणाऱ्या त्याच रेघेवर चालतात आणि खाणं मिळालं तर परतताना तीच रेघ अजून ठळक करतात. दिसणाऱ्या मुंग्या तुम्ही मारल्या, झाडून काढल्या, तरी ती रेघ फरशीवर तशीच असते, म्हणून तासाभरात रांग परत. मुंग्या मारून हा प्रॉब्लेम सुटत नाही याचं कारण हे आहे.

तर काय करायचं:

बाऊल, मॅट, स्टँड, सगळं उचला. मॅट उलटी करून बघा, खालच्या खाचांमध्ये काय निघतं ते बघून तुम्हालाच कळेल. मॅट आणि बाऊल गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने घासा, नुसतं पाण्याखाली धरून चरबी जात नाही. प्लॅस्टिकचा बाऊल असेल आणि आतून ओरखडे पडले असतील तर तो बदलून टाका, त्या ओरखड्यांत तेल बसतं ते कितीही घासलं तरी निघत नाही, स्टील किंवा सिरॅमिक बरं.

फरशी आधी कोरडी झाडा, मग साबणाच्या पाण्याने पुसा, आणि बाऊलपासून भिंतीपर्यंत जिथून रांग येते तो पूर्ण रस्ता पुसा, फक्त बाऊलखालचा चौकोन पुसून उपयोग नाही. मग अर्धं पाणी अर्धं व्हिनेगर घेऊन तोच रस्ता परत एकदा, आणि शेवटी साध्या पाण्याने. दगडी फरशी असेल, संगमरवर वगैरे, तर व्हिनेगर वापरू नका, डाग पडतात, तिथे साबण दोनदा. आणि व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो, घरातल्या सगळ्यांनाच त्रास.

फिनाइल नको. खूप जण हमखास तेच वापरतात कारण वासाने मुंग्या जातात. फिनॉल असलेली क्लीनर मांजराला विषारी असतात, मांजर त्या फरशीवरून चालतं आणि मग बसून पंजे चाटतं. कुत्र्याच्या बाऊलखालीही मला ते नको वाटतं.

पुसून झाल्यावर बाऊलची जागा थोडी बदला. भिंतीपासून हातभर आत, दारापासून आणि सिंकपासून लांब. मुंग्या भिंतीच्या कडेकडेने, फरशीच्या सांध्यातून चालतात, मधल्या मोकळ्या जागेत त्यांना नव्याने शोधावं लागतं. फार लांब नेऊ नका, वयस्कर प्राणी गोंधळतो.

हे सलग तीन-चार दिवस करा. एकदा पुसून "काही फरक पडत नाही" म्हणणारे खूप भेटलेत. पहिल्या दिवशी मुंग्या येतातच, गोंधळलेल्या, इकडे तिकडे भटकणाऱ्या, आणि तसं दिसलं की समजा काम होतंय. खाणं मिळालं नाही की रेघ ठळक होत नाही आणि आपोआप विरून जाते.

तपासणी ३: साठवलेलं खाणं

पिशवीचं तोंड दुमडून क्लिप लावणं म्हणजे बंद करणं नव्हे. बारीक मुंगीला केसाएवढी फट पुरते. रबरी गॅस्केट असलेला, दाबून बंद होणारा डबा घ्या. झाकण चांगलं आहे का ते बघायचं असेल तर आत कागदाची पट्टी अडकवून झाकण लावा आणि पट्टी ओढा, चारही बाजूंनी करून बघा, कुठेही सहज सरकली तर तिथून मुंगीपण जाईल.

दाणे डब्यात सुटे ओतण्यापेक्षा मूळ पिशवीसकट डब्यात ठेवा. सुटे ओतले की चरबी डब्याला लागते, ती जुनी होऊन खवट होते आणि नवीन खाणं तिच्यावर पडतं. शिवाय एक्स्पायरी आणि बॅच नंबर पिशवीवरच असतात, प्राण्याला खाण्यामुळे काही झालं तर तेच लागतात. पिशवी संपली की डबा धुऊन पूर्ण कोरडा करूनच पुढची ठेवा. जागा थंड आणि कोरडी, साधारण २७ अंशांच्या खाली राहील अशी, गॅलरीत किंवा गाडीच्या डिकीत नाही.

डब्याच्या बाहेरच्या बाजूला आणि मोजायच्या कपाला तेल लागलेलं असतं, ते पुसायचं सगळे विसरतात. एका मैत्रिणीकडे आम्ही आठवडाभर फरशी पुसत होतो आणि मुंग्या येत होत्या त्या डब्यावर ठेवलेल्या कपाला.

ट्रीट्सची पाकिटं, चघळायची हाडं, सोफ्याखाली लपवलेले तुकडे, बेडवर नेलेलं बिस्किट, हे पण बघून घ्या. कुत्रा असेल तर सोफा सरकवाच.

तपासणी ४: पाण्याचा खंदक, पण नीट केलेला

पसरट थाळीत पाणी, मधोमध बाऊल, हे सगळ्यांना माहीत असतं आणि निम्म्या लोकांचा तो चालत नाही. का चालत नाही ते बघा:

थाळी लहान पडते. बाऊलची बाहेरची भिंत आणि थाळीची कड यांच्यामध्ये सगळीकडून किमान तीन सेंटिमीटर पाणी हवं, आणि बाऊल वर पसरट असेल तर त्याची वरची कड थाळीच्या कडेला टेकत नाही ना ते बघा, टेकली की पूल झाला. प्राणी खाताना बाऊल ढकलतो, म्हणून बाऊल जड हवा किंवा खाली रबर असलेला. बाऊल थाळीत उलट्या वाटीवर ठेवला तर पाण्यात बसत नाही आणि जागाही वाढते, फक्त डगमगणार नाही असं बघा, डगमगला तर प्राणी बिथरतो आणि तिथे खातच नाही.

पाण्यावर धूळ, केस, दाण्यांचा चुरा साचतो. केस तर विशेष, एका मांजराच्या दोन केसांचा पूल मुंग्यांना पुरतो हे मी डोळ्यांनी बघितलंय. मेलेल्या मुंग्यांवरूनही बाकीच्या जातात. म्हणून पाणी रोज बदलायचंच. त्याचा अजून एक फायदा, डासाची अंडी घातल्यापासून डास बाहेर पडायला साधारण आठवडा लागतो, रोज पाणी फेकलं तर डास होत नाहीत.

पाण्याच्या वरच्या ताणामुळे बारीक मुंग्या बुडत नाहीत, वरच्यावर तरंगत पलीकडे पोचतात. भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की तो ताण मोडतो आणि त्या पुढे जाऊ शकत नाहीत. पण तुमचा प्राणी खंदकातलं पाणी पीत असेल, आणि मांजरांना नेमकं तेच पाणी आवडतं, तर साबण नको, पोट बिघडतं. मग साधं पाणी, दिवसातून दोनदा बदललेलं. स्टँडवाला बाऊल असेल तर प्रत्येक पाय छोट्या वाटीत ठेवून वाटीत पाणी घाला, वाटी एवढी अरुंद घ्या की प्राण्याचं तोंड आत जाणार नाही, मग साबणाचा थेंब चालतो.

पेट्रोलियम जेली स्टँडच्या पायांना लावतात. पाय उंच आणि प्राण्याच्या तोंडापासून लांब असतील तर चालेल, पण तिच्यावर धूळ बसली की मुंग्या खुशाल चालतात, आठवड्याला पुसून नवीन लावावी लागते. बाऊलच्या कडेला लावू नका, ती पोटात जाते आणि जुलाब होतात.

एक मर्यादा मात्र आहे. डंख मारणाऱ्या फायर अँटसारख्या मुंग्या पाण्यावर एकमेकींना धरून तराफा करतात, त्यांच्यापुढे खंदक भरवशाचा नाही.

तपासणी ५: त्या येतात कुठून

वरचं सगळं करून आठवडा झाला आणि तरी येतायत, तर आता वाट शोधायची. यासाठी त्यांना मारायचं नाही, उलट येऊ द्यायचं. रात्री घर शांत झाल्यावर दोन दाणे फरशीवर ठेवा, प्राण्याला दुसऱ्या खोलीत ठेवा, तासाभराने टॉर्च घेऊन रांगेच्या उलट्या दिशेने जा. खाणं घेऊन जाणारी मुंगी पकडायची नजरेने आणि तिच्या मागे जायचं, रिकामी मुंगी कुठेही भटकते.

बहुतेक वेळा रांग इथे संपते: खिडकीच्या चौकटीची कड, सिंकखाली पाइप भिंतीत जातो ती जागा, स्विचबोर्ड, फरशीच्या सांध्यातला उडालेला सिमेंट, दाराच्या चौकटीचा खालचा कोपरा, बाथरूमची जाळी. कुंड्या तपासा, मावा किंवा पिठ्या ढेकूण लागलेल्या झाडावर मुंग्या त्या किड्यांचा गोड चिकट द्रव प्यायला असतातच आणि तिथून बाऊल दोन पावलांवर असतो. बाहेरच्या झाडाची फांदी खिडकीला टेकत असेल तर ती छाटा, तो त्यांचा रस्ता असतो.

भोक सापडलं की आधी साबणाच्या पाण्याने पुसून कोरडं करा, मग सिलिकॉन सीलंट किंवा व्हाइट सिमेंट भरा. ओलं सीलंट प्राण्याने चाटू नये, वाळेपर्यंत, साधारण एक दिवस, ती खोली बंद ठेवा. स्विचबोर्डमध्ये स्वतः काहीही भरू नका, पाणी तर मुळीच नाही, तिथे इलेक्ट्रिशियन.

बुजवल्यावर चार दिवस लक्ष ठेवा. वारूळ भिंतीतच असेल तर दुसरीकडून निघतील. मग परत तेच. माझ्या घरी तिसऱ्या भोकाला थांबलं.

तपासणी ६: आमिष, आणि इथे जपून

आमिष म्हणजे मुंगी ते खाऊन वारुळात नेते, तिथे एकमेकींना भरवते, राणीपर्यंत पोचतं. म्हणून ते हळू काम करणारं लागतं. स्प्रेने समोरच्या मुंग्या मरतात, राणी आत मजेत. आणि काही जाती, जशा त्या अगदी बारीक पिवळसर फॅरो मुंग्या, यांच्या वारुळात राण्या अनेक असतात, स्प्रे मारला की त्या फुटून दोन-तीन ठिकाणी नवीन वारुळं करतात. वर जे लक्षण सांगितलं, औषधानंतर नव्या जागांहून रांगा, ते अनेकदा यामुळेच. आमिष ठेवलंय तिथे स्प्रे मारू नका, दोन्ही वाया.

आमिष निवडताना एक छोटी टेस्ट करा. कागदावर एका बाजूला साखरेच्या पाण्याचा थेंब, दुसऱ्या बाजूला तुमच्याच प्राण्याच्या खाण्याचा ओला चुरा, आणि बघा कशावर गर्दी होते. प्राण्यांच्या खाण्याला येणाऱ्या मुंग्यांना बऱ्याचदा प्रोटीन-चरबी हवी असते, त्यांना गोड जेल दिलं तर बाजूने निघून जातात आणि आपण म्हणतो औषध बोगस आहे.

बोरिक ॲसिड आणि साखर घरी मिसळून झाकणात ठेवायचा उपाय खूप सांगितला जातो. उघडं ठेवू नका. गोड असतं, कुत्रा चाटणारच, उलट्या-जुलाब होतात, जास्त गेलं तर किडनीपर्यंत जातं. आणि लोक बोरिक ॲसिड जास्त टाकतात, खरंतर पातळ आमिषात ते एक टक्क्याच्या आसपास पुरतं, जास्त झालं तर मुंगी घरी पोचायच्या आत मरते. मी फक्त बंद स्टेशनवालं, म्हणजे मुंगीपुरतं भोक असलेल्या बंद डबीतलं, तयार आमिष वापरते, तेही फ्रिजमागे, बंद कपाटात, जिथे पंजा पोचत नाही अशा जागी, बाऊलपासून लांब, मुंग्यांच्या वाटेवर. प्लॅस्टिक चावणारा कुत्रा असेल तर तेही नको.

हे करू नका

मुंग्यांचा खडू आणि पावडर. बहुतेकांमध्ये पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं. मांजराचं लिव्हर ते नीट निकामी करू शकत नाही, म्हणून माणसाला आणि कुत्र्याला फारसं न जाणवणारं प्रमाणही मांजराला झटके आणू शकतं. माशांना तर ते अत्यंत घातक. खडूची रेघ बाऊलभोवती ओढलेली मी बघितलीय आणि त्या घरातलं मांजर त्याच रेघेवर बसलं होतं, माझ्या अंगावर काटा आला.

टी ट्री, पेपरमिंट, दालचिनी, लवंग, लिंबूवर्गीय फळं यांची तेलं. "नॅचरल" लिहिलेलं असतं म्हणून लोक बिनधास्त शिंपडतात. मांजरांना ही तेलं सोसत नाहीत, टी ट्री तर कुत्र्यांनाही विषारी आहे. कापूर आणि डांबराच्या गोळ्या, दोन्ही विषारी, घरात प्राणी असेल तर कपाटातसुद्धा विचार करून ठेवा. कॉफीचा चोथा, कारण कॅफीन कुत्र्याला चालत नाही. तिखट, कारण प्राणी नाकाने शोधतो आणि नाका-डोळ्यांची आग होते. डायटोमेशियस अर्थची (सूक्ष्म शैवालांच्या अवशेषांची) पावडर फूड ग्रेड असली तरी उडते, श्वासात जाते, आणि ओली झाली की काम करत नाही, बाऊलजवळ तर कायम ओलं असतं, मग कशाला.

कधी थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

व्हेटकडे, लगेच: चेहरा, ओठ, पापण्या सुजल्या, अंगावर गांधी उठल्या, एकसारख्या उलट्या, श्वासाला त्रास, किंवा हिरड्या पांढऱ्या पडल्या. डंख मारणाऱ्या मुंग्या पिल्लांच्या बिछान्यात शिरल्या असतील तर लक्षण नसलं तरी दाखवा, लहान पिल्लू उठून पळू शकत नाही. औषध चाटल्याचा संशय असेल, लाळ गळते, अंग थरथरतं, कान-पाय फडफडतात, चाल अडखळते, तर घरी उलटी करवायला जाऊ नका, दूध-तेल पाजू नका, औषधाचं पाकीट किंवा त्याचा फोटो घ्या आणि निघा. केसांवर औषध लागलं असेल तर जाण्याआधी व्हेटला फोनवर विचारून कोमट पाणी आणि भांड्याच्या सौम्य साबणाने धुवा. झटके येत असतील तर धुवत बसू नका.

पेस्ट कंट्रोलवाल्यांना: तीन आठवडे वरचं सगळं नीट करूनही रांगा येतात, एकाच वेळी तीन-चार जागांहून येतात, स्विचबोर्ड किंवा भिंतीच्या आत वारूळ आहे असं दिसतंय, लाकडी चौकटीखाली भुशासारखा ढीग पडतो, अंगणात डंख मारणाऱ्या लाल मुंग्यांची वारुळं आहेत, किंवा घरात पंखवाले किडे निघतायत. पंखवाले दिसले तर दोन-चार डबीत पकडून ठेवा. कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे, तर मुंग्या. कंबर जाड, मिशा सरळ, चारही पंख सारखे, तर वाळवी, आणि तो पूर्ण वेगळा खर्च आणि वेगळं काम आहे.

फोनवरच सांगा घरात कोण कोण आहे, कुत्रा, मांजर, पक्षी, मासे. औषधाचं नाव आणि त्यातला मुख्य घटक लिहून मागा. सगळीकडे स्प्रे नको, फटींमध्ये जेल किंवा बंद आमिष लावा असं स्पष्ट म्हणा. "हर्बल आहे, काही होत नाही" एवढंच उत्तर मिळालं तर मी दुसऱ्याला फोन करते. प्राण्यांना किती तास बाहेर ठेवायचं ते विचारा आणि त्यावर थोडा वेळ जास्तच धरा. बाऊल, मॅट, खेळणी, बिछाना आधीच दुसरीकडे हलवा, फिश टँक झाका आणि हवेचा पंप त्यांनी सांगितलेल्या वेळेपुरता बंद करा, पक्ष्याला तर घराबाहेरच न्या. परत आल्यावर ज्या जागी बाऊल ठेवणार ती फरशी, प्राणी आत यायच्या आधी, साबणाने धुऊन कोरडी करा, आणि जिथे जेल लावलंय त्या जागा हाताने दाखवून घ्या, म्हणजे तिथे चुकून बाऊल जाणार नाही.